आधी सत्कार, मग हरकत

कामथडीला माझ्या थोरल्या बहिणीच्या शेतात एक जोतं आहे. काळ्या दगडाचं, गुडघाभर उंच, दोन खोल्यांचं. वर भिंती नाहीत. जोतं भरून झालं आणि पुढच्याच आठवड्यात मोजणीवाले आले. तिपाईवर यंत्र ठेवून त्यांनी बराच वेळ एक डोळा मिटून शेताकडे पाहिलं, वहीत काही टिपलं आणि तांबड्या टोकाची एक लाकडी खुंटी पुढच्या खोलीच्या मुरमात मधोमध ठोकली. अक्कानं त्यांना चहा करून दिला, कारण ते उन्हातून आले होते. खुंटी कशाची, हे तिनं चहा झाल्यावर विचारलं. त्यातला एक जण म्हणाला, "मावशी, काही काळजी करू नका. जमीन तुमचीच राहणार आहे."

हे वाक्य पुढं आम्ही सगळ्यांच्या तोंडून ऐकलं. साहेबांच्या, पुढाऱ्यांच्या, कंपनीच्या माहितीपत्रकाच्या. जमीन तुमचीच आहे असं कुणी सारखं सांगायला लागलं की माणसानं सावध व्हावं, एवढी अक्कल मला वाचनालयात उभी हयात काढून आली होती. अक्काला ती त्याच दिवशी आली. संध्याकाळी तिनं मला भोरला फोन केला आणि म्हणाली, "जमीन माझीच हाय म्हणत्यात. म्हंजी गेली का रं?"

गेली नव्हती, हीच तर अडचण होती. कोकणातल्या बंदरात उतरणारं कच्चं तेल घाट चढवून देशावर आणायचं आणि त्यासाठी जमिनीखालून पाइप टाकायचा, अशी ती योजना. रेषा वरंधा घाटाच्या अंगानं हिर्डोशीला वर येणार, धरणाच्या काठानं भोरकडे उतरणार आणि कामथडीपाशी महामार्ग ओलांडून पुढं जाणार. कंपनी जमीन विकत घेत नाही. तिला फक्त जमिनीच्या पोटातून जायचा हक्क हवा असतो. सातबारा तुमच्या नावावर राहतो, शेतसारा तुम्हीच भरता, आणि पाइपाच्या वरच्या साठ फुटांच्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचं नाही. भुईमूग चालेल, भाजीपाला चालेल, गवत तर हवं तेवढं. माहितीपत्रकावर हिरव्यागार शेतात हसत उभा असलेला एक शेतकरी होता. त्याच्या मागं घर नव्हतं, विहीर नव्हती, झाड नव्हतं. चित्र काढणारा प्रामाणिक माणूस असावा.

अक्काचं शेत म्हणजे वाटणीत आलेली एक लांबट पट्टी. रुंदीला सत्तर-पंच्याहत्तर फूट, आणि पाइपाची रेषा तिच्यातून लांबीनं गेलेली. दोन्ही बांधांना लागून जे उरत होतं त्यात बैलजोडी वळली नसती, घर कुठून मावणार.

हे घर तिला कशासाठी हवं होतं ते सांगायला हवं. दाजी वारल्यापासून ती धाकट्या दिराच्या घरात, मागच्या खोलीत राहते. दिरानं, जावेनं तिला कधी वावगा शब्द बोललेला नाही. पण गोठ्यात जायची वाट त्या खोलीतून आहे. पहाटे जाऊ धार काढायला तिथून जाते, दीर वैरणीचा भारा घेऊन तिथून जातो, शेणाची पाटी तिथूनच बाहेर निघते, आणि एकदा दावं तोडून सुटलेलं वासरूही तिथूनच आलं. खोलीला दारं दोन, पण आतून कडी एकालाही नाही. अक्काला लुगडं बदलायचं तर आधी मोठ्यानं खोकावं लागतं. सतरा वर्षं ती अशी खोकते आहे. तिचं मागणं एवढंच होतं, की आतून कडी लावता येईल अशी एक खोली असावी. दुसरी खोली गवंड्यानं वाढवली. एका खोलीचं जोतं दुकानासारखं दिसतं, असं त्याचं मत पडलं.

मी या सगळ्यात कसा आलो, तर भाऊ म्हणून, आणि माझ्या आवाजामुळं. मी भोरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. भोरमध्ये पुस्तकांजवळ वावरताना दिसणाऱ्या कुणालाही सर म्हणतात, म्हणून मीही सर. आवाज बरा आणि जोडाक्षरं स्पष्ट, त्यामुळं तालुक्यातल्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन माझ्याकडे येत गेलं. ज्यांच्याविषयी मला काहीही वाटत नव्हतं अशा असंख्य माणसांविषयी मी तीस वर्षं माइकवरून गहिवरून बोललो आहे. आमच्याकडे कोणतीही गोष्ट सत्कारानं सुरू होते. शोकसभेतसुद्धा आधी प्रमुख पाहुण्यांना गुलाबाचं फूल देतात. हे मी ऐकीव सांगत नाही. फूल देणाऱ्याचं नाव मीच पुकारलं होतं.

पाइपलाइनच्या विरोधात कृती समिती झाली तेव्हा अध्यक्ष म्हणून मंडप-डेकोरेशनवाले एक गृहस्थ निवडले गेले. तळमळीचे होते. त्यांच्यामुळं आमच्या प्रत्येक निषेध सभेला झालर लावलेलं व्यासपीठ, गादीच्या खुर्च्या आणि मागं मखमली पडदा असे. बाहेरून येणाऱ्याला साखरपुडा वाटावा. मला सचिव केलं, कारण कुणीतरी लिहायला हवं होतं. पुढारी येऊन जात. जो पक्ष सत्तेत असे तो अभ्यास करतो आहोत म्हणे आणि जो बाहेर असे तो आमच्यासाठी रस्त्यावर उतरू म्हणे. मधे निवडणूक झाली. दोघांनी भाषणं बदलून घेतली, रेषा होती तिथंच राहिली. एकानं तोडगा सुचवला की पाइप शेजारच्या वेल्हे तालुक्यातून न्यावा. चार दिवसांत वेल्ह्यातही कृती समिती निघाली. तिचा मंडपही आमच्याच अध्यक्षांनी घातला.

मग कळलं की हरकती ऐकायला साहेब स्वतः कामथडीला येणार आहेत. कायद्यात त्यांना सक्षम अधिकारी म्हणतात. जमिनीखालच्या हक्काबद्दल जे काही ठरायचं ते त्यांच्या सहीनं. सभा देवळाच्या सभामंडपात ठरली, आणि आदल्या दिवशी समितीच्या बैठकीत मी म्हणालो की या वेळी सत्कार नको, आपण विरोध करायला जमतो आहोत.

देवळात चपला घालून बसूया म्हटल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सर, भांडू की आपण," अध्यक्ष समजुतीनं म्हणाले. "पण माणूस आपल्या दारात येतोय. आधी बसवायला नको का?"

समितीत हिर्डोशीचे एक म्हातारे होते, मला त्यांचा भरवसा होता. ते वरच्या वाडीतून अर्धी वाट पायी आणि अर्धी एसटीनं येत, बोलत कमी, आणि धरणात खालची खाचरं गेल्यापासून कुठल्याच साहेबावर त्यांचा विश्वास नव्हता. ते म्हणाले, "कोरड्या हातानं या म्हनायचं कसं?"

शेवटी छोटा सत्कार करायचं ठरलं. शाल, नारळ, फूल. फेटा नाही. फेटा वाचवला याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं, हे नमूद करून ठेवतो.

आणि इथं मी माझी हुशारी केली. सत्कार करायचाच असेल तर तो अक्काच्या हातून करावा, असं मीच सुचवलं. जिचं घर जाणार आहे तिनंच ओवाळलं की साहेबाला मान वर करता येणार नाही, असा माझा हिशोब. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला असलं काहीतरी सुचतंच. समितीला ते फार आवडलं. अक्काला मी सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं की तबक घरचं आणू का देवळातलं घेऊ.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तरुण, शांत, मराठवाड्याकडचे. मी माइकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "सर्व बाधित शेतकऱ्यांच्या वतीनं साहेबांचं सहर्ष स्वागत करीत आहेत…" आणि अक्काचं नाव घेतलं. सहर्ष म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. तीस वर्षं तो शब्द स्वागताच्या अलीकडे आपोआप येत होता, त्याही दिवशी आला. अक्का पदर सावरत पुढं झाली, तिनं कुंकू लावलं, ओवाळलं, नारळ हातात दिला. अध्यक्षांनी शाल घातली. साहेब वाकून अक्काच्या पाया पडले आणि म्हणाले, कशा आहात मावशी. अक्का हसली. टाळ्या पडल्या. कंपनीनं आणलेल्या फोटोग्राफरनं नेमका तो क्षण धरला. तिचा इतका चांगला फोटो लग्नातही आला नव्हता.

त्यानंतर दोन तास हरकती झाल्या. लोक चांगलं बोलले. विहिरींत तेल उतरलं तर काय, धरणात उतरलं तर काय. साहेबांच्या शेजारी कंपनीचे एक अभियंते होते. त्यांनी सांगितलं की पाइपात ठिकठिकाणी यंत्रं बसवलेली असतात, थेंबभर गळती झाली तरी दूरच्या नियंत्रण कक्षात तत्काळ कळतं. हिर्डोशीचे म्हातारे उठले. ते म्हणाले की आमचा डोंगर पावसात हलतो, दरसाल कुठंतरी खाली येतो, रस्ता घेऊन येतो. मग थोडं थांबून म्हणाले, "तुमाला कळल तितं लांब. आमाला कवा कळल?"

अभियंते पाणी प्याले. या क्षणाचा फोटो नाही. फोटोग्राफर तोवर चहाला गेला होता.

चार-पाच महिन्यांनी भोरला सुनावणी लागली. अक्काची हरकत मी स्वतः लिहिली होती. चार पानं, कलमांसकट, आणि शेवटचा परिच्छेद मला स्वतःला फार आवडलेला. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही बसलो तर शेजारी हिर्डोशीचे म्हातारे. त्यांनी आपली हकिगत सांगितली. मोजणीवाले आले तर घोटभर पाणी द्यायचं नाही असा ठराव वाडीनं केला होता. मोजणीवाले चढण चढून आले, त्यांतला एक जण ओसरीला टेकून घाम पुसायला लागला. त्यांच्या म्हातारीनं आधी पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि मग ठराव आठवून आत येऊन बसली. "आता त्येचाबी फोटू काढला असल," म्हातारे म्हणाले. तेव्हा मला ते थट्टेनं बोलत आहेत असं वाटलं.

आत साहेबांच्या टेबलावर एक नारळ आणि पुष्पगुच्छ होता. सकाळी कुठल्यातरी संघटनेनं दिलेला. तो बाजूला सारून त्यांनी फाइल उघडली, माझी चार पानं नीट वाचली, आणि फाइलमधलं एक पान उलटून आमच्याकडे फिरवलं. त्यावर अक्काचा फोटो होता.

"या तुम्हीच ना, मावशी?"

अक्कानं चष्मा लावून पाहिलं. आधी तिला बरंच वाटलं. "व्हय. पदर वाईच सरकलाय," ती म्हणाली.

साहेबांनी फोटोखालचा मजकूर वाचून दाखवला. सर्व बाधित शेतकऱ्यांच्या वतीने अधिकाऱ्यांचे सहर्ष स्वागत करण्यात आले. ग्रामस्थांनी प्रकल्पाबाबत आपुलकीची भावना व्यक्त केली व काही अपेक्षा मांडल्या. त्या काही अपेक्षा म्हणजे आमच्या दोन तासांच्या हरकती. पहिलं वाक्य माझं होतं. सहर्षसकट माझं. त्यांनी फक्त साहेबांचे अधिकारी केले होते, अक्काचं नाव वगळलं होतं, आणि त्यामुळं ते आणखी भारदस्त झालं होतं.

मी सांगायला लागलो की साहेब, ही आमच्याकडची रीत आहे, सत्कार म्हणजे संमती नव्हे, आम्ही तर कुणाचाही करतो. हे बोलता बोलता मला कळलं की माझ्या तीस वर्षांच्या कामाचं याहून अचूक वर्णन मी कधी केलं नव्हतं.

साहेब माझ्यावर चिडले नाहीत. "सर, मला कळतं हो," ते म्हणाले. "माझ्या घरी शालींनी कपाट भरलंय. पण फाइल कामथडीची नाही ना. ती वर जाते, तिथं हा फोटो बघतात."

अक्का अजून फोटोकडेच पाहत होती. तिनं विचारलं, "मंग माझं घर?"

साहेबांनी नकाशा काढला आणि पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारली. एवढं मात्र करता येईल, ते म्हणाले. तुमच्या शेतापुरती रेषा पूर्वेला तीस-चाळीस फूट सरकवता येईल. तुमची लेखी संमती आणि शेजारच्या खातेदाराची लेखी संमती पंधरा दिवसांत आली तर प्रस्ताव पाठवतो. जोतं सुटेल.

"तिकडं काय येतं?" अक्कानं विचारलं.

पेन्सिलीची रेघ एका लहान गोलावरून गेली होती. साहेबांनी तो गोल पाहिला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "विहीर."

पूर्वेचं शेत तिच्या दिराचं. विहीरही त्याचीच, त्यानं स्वतः खाली उतरून सुरुंग लावून काढलेली. घरातलं पिणं, गुरं, भाजीपाला, सगळं तिच्यावर. पट्ट्यात आलेली विहीर बुजवावी लागते. तिची भरपाई मिळते, पाणी मिळत नाही.

साहेबांनी संमतीचे दोन छापील कागद माझ्या हातात दिले. भोरच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत आम्ही तासभर बसलो. मी शेंगदाणे आणले, ते तिनं पिशवीत टाकले.

मला वाटलं होतं की दीर संतापेल आणि प्रश्न मिटेल. अक्काला जोतं सोडावं लागेल, पण निदान सोडायला लावणारं कुणीतरी असेल. दीर विहिरीवर मोटार चालू करत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि तिला म्हणाला, "वहिनी, तुमी सही करा. म्याबी करतो. विहिरीचं बघू काईतरी."

तो मनापासून बोलत होता. सतरा वर्षं गोठ्याची वाट तिच्या खोलीतून गेली, हे त्याला कळत होतं, आणि ते असं अचानक फेडायची त्याची तयारी होती. अक्का म्हणाली, बघू भावजी, आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून जाऊ गोठ्यात जायला बाहेरून जायला लागली. घराला वळसा घालून, चिखलातून, शेणाची पाटी डोक्यावर घेऊन. खोलीतून जाईना. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

इकडे अध्यक्ष माझ्या घरी आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते ओरडले नाहीत. ओरडणं त्यांना माइकशिवाय जमत नसे. खुर्चीच्या कडेला बसून म्हणाले, "सर, अजून साऱ्या तालुक्यात एकसुद्धा संमती गेलेली नाही. पहिला कागद सचिवाच्या बहिणीचा जायचा म्हणजे… मी तुम्हाला नाही म्हणत नाही. फक्त सांगून ठेवतो." आणि त्यांचं बरोबर होतं. पहिली संमती मिळाली की तिचा फोटो निघणार, तो फाइलला लागणार, आणि हिर्डोशीच्या तांब्यापर्यंत सगळं एका ओळीत बसणार.

अक्काला घर मिळावं असं मला वाटत होतं. तिनं सही करू नये असंही वाटत होतं. विहिरीचा विचार तर करवत नव्हता. ते दोन कागद मी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवले आणि बाजारात, वाचनालयात, जिथं जाईन तिथं बरोबर घेऊन फिरलो, घरी ठेवले तर कुणी सही करून टाकेल अशा थाटात. एकदा तर दिरानं खरंच सही करून टाकली आहे असं स्वप्न पडलं आणि स्वप्नात मला सुटल्यासारखं वाटलं. जागा झाल्यावर त्याची लाज वाटली.

चौदाव्या दिवशी मी कामथडीला गेलो. अक्का विहिरीजवळच्या हौदावर कळशी भरत होती. कळशी खाली ठेवून ती काठावर बसली आणि म्हणाली, वाच काय लिहिलंय ते. मी वाचलं. मी खाली सही करणार याद्वारे स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय, असं सुरू होऊन ते बरंच पुढं जात होतं. शेवटपर्यंत वाचलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं.

"तुझा आवाज चांगला हाय," ती म्हणाली. "कायबी वाच, बरंच वाटतं."

मी दोन्ही कागद तिच्या हातात दिले.

मग ती हौदातल्या पाण्याकडे बघत म्हणाली, "मी कडी लावून आत बसायची, आन ती डोईवर हंडा घेऊन फिरायची. मग आत बसून करू काय मी?" तिनं कागदांची घडी होती तशी घालून माझ्या हातात दिली. "सायबास्नी माघारी दे. भले हायेत ते. चुरगाळू नको."

मी विचारलं, दिराला काय सांगायचं. ती म्हणाली, "म्या सांगन. तू नको सांगूस. तू सांगितलंस की लईच मोठं व्हतं."

कागद मी भोरला परत केले. साहेबांनी ते ठेवून घेतले आणि मला चहा पाजला. आम्ही दोघंही पाऊसपाण्याचं बोललो.

समितीनं अक्काचा सत्कार करायचं ठरवलं. तिचा त्याग म्हणून. मी म्हणालो नको, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच माइकवर जायला नकार दिला. अध्यक्षांनी ते मनाला लावून घेतलं नाही, भोरचाच दुसरा सूत्रसंचालक आणला. अक्का गेली. बोलावल्यावर जायचं नाही हे तिला जमण्यातलं नव्हतं. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. या माउलीनं हसतमुखानं आपलं घर आंदोलनाला अर्पण केलं, असं तो म्हणाला. त्याचा आवाजही चांगला होता. अक्का शाल घेऊन मान खाली घालून बसली होती, आणि शेजारच्या बाईला बहुतेक शेवटच्या एसटीची वेळ विचारत होती.

पुढं अधिसूचना निघाली. सर्व हरकती ऐकून निकाली काढण्यात आल्या आहेत, असं तीत होतं. अक्काला वेगळं पत्र आलं, की पट्ट्यात असलेल्या अपूर्ण बांधकामात कोणतीही भर घालू नये. समिती कोर्टात गेली आहे. तिथं तारखा पडतात. पाइप मात्र अजून आलेला नाही. कोण म्हणतं पावसाळ्यानंतर येईल, कोण म्हणतं कंपनीचाच विचार बदलला. मनाई तेवढी येऊन बसली आहे. पाइप येईल तेव्हा जोतं फोडतील. आला नाही तरी मनाई उठायला आणखी कुणाची तरी सही लागेल, आणि ती कुणाची हे मला भोरमध्ये कुणीच सांगू शकलेलं नाही. हिर्डोशीच्या म्हाताऱ्यांनी गेल्या पावसाळ्यात डोंगर आणखी थोडा खाली आल्याचं सांगितलं. त्यांच्याकडची खुंटी त्याच्याबरोबर वाहून गेली. मोजणीवाले परत आले आणि त्यांनी दुसरी ठोकली.

जाऊ पुन्हा अक्काच्या खोलीतून गोठ्यात जाते. अक्कानंच तिला हाक मारून मारून आत घेतलं.

परवा मी कामथडीला गेलो तर अक्का घरात नव्हती. दीर म्हणाला, असत्याल तिकडं, बसायला. ती जोत्यावर होती. पुढच्या खोलीचा मुरूम तिनं चोपून शेणानं सारवला होता, खुंटीच्या भोवती हात फिरवून, खुंटी तशीच ठेवून. घोंगडीवर बसून ती वालाच्या शेंगा सोलत होती. वर आभाळ, चारी बाजूंनी भुईमूग, आणि लांब महामार्गावर ट्रक चाललेले. मी बांधावरून सरळ चालत गेलो आणि गुडघाभर तर उंची, म्हणून कडेनंच पाय टाकून वर चढायला लागलो.

"हितनं न्हाई," ती मान वर न करता म्हणाली. "दार तिकडं हाय."

मी पाहिलं. रस्त्याकडच्या अंगाला दोन दगड जरा खाली बसवलेले होते, उंबरा घालायचा होता तिथं. मी पाय मागं घेतला, चपला काढून हातात धरल्या, जोत्याला वळसा घातला आणि तिकडून आत गेलो. तिनं सुपाशेजारची जागा हातानं झाडून दिली.